पाटलीपुत्र : गंगेच्या काठचे श्रुतनगर

महाराष्ट्रातून पूर्व भारताच्या यात्रेस निघणाऱ्या श्रावक-श्राविकांच्या मनात राजगृही, पावापुरी, कुंडलपूर, चंपापुरी आणि सम्मेदशिखर ही नावे आधीपासूनच कोरलेली असतात. पाटणा हे शहर मात्र बहुतेकांच्या लेखी वाटेवरचे एक मोठे स्थानक असते. तेथे उतरावे, चहा-फराळ उरकावा आणि पावापुरीची वाट धरावी, असा शिरस्ता. वास्तविक ज्या नगरात जिनवाणीचे पहिले संकलन झाले असे श्वेतांबर परंपरा सांगते, ज्या नगरीच्या सम्राटाने राज्यत्याग करून दीक्षा घेतली असे दिगंबर परंपरा सांगते आणि ज्या नगरीच्या नावाशी तत्त्वार्थसूत्राचे भाष्य निगडित आहे, ते पाटलीपुत्र म्हणजेच आजचे पाटणा होय. या प्राचीन नगरीचा हा संक्षिप्त परिचय.

नद्यांनी घडविलेले नगर

पाटणा गंगेच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी ५३ मीटरच्या आसपास. समोरच्या तीरावर हाजीपूरपाशी हिमालयातून आलेली गंडकी गंगेस मिळते, पश्चिमेकडून शोण येते, तर दक्षिणेकडून येणारी पुनपुन शहराला वळसा घालून पूर्वेस फतुहा येथे गंगेत विसर्जित होते. शतकानुशतके गंगेने आपल्या काठावर गाळाचा जो लांबलचक उंचवटा रचला, त्याच्या माथ्यावर हे नगर उभे राहिले. उंचवट्याच्या मागे, दक्षिणेस, सखल पाणथळ जमीन. त्यामुळे नगराला रुंदीकडे वाढण्यास वाव नव्हता, ते नदीच्या काठाकाठाने लांबत गेले.

चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याने नगराची लांबी ८० स्टेडिया व रुंदी १५ स्टेडिया, म्हणजे अंदाजे १४ ते १५ किलोमीटर व पावणेतीन किलोमीटर, अशी नोंदविली आहे. नगराभोवती लाकडी तट होता, त्यास ५७० बुरूज व ६४ दरवाजे होते आणि तटाबाहेर रुंद खंदक होता, असेही त्याच्या वर्णनावरून समजते. तट लाकडाचा का, याचे उत्तर तेथील भूमीतच आहे. गंगेच्या या मैदानात दगड नाही, आहे तो फक्त गाळ. मौर्यांनी आपल्या स्तंभांसाठी लागणारा वालुकाश्म चुनारसारख्या दूरच्या खाणींतून आणविला.

हवामान समशीतोष्णाच्या जवळचे, पण टोकाचे. वैशाख-ज्येष्ठात पारा चाळीस अंशांवर जातो, आषाढ ते भाद्रपद नद्या दुथडी भरून वाहतात आणि पौषात दाट धुके सकाळभर गंगेवरून हटत नाही. मेगॅस्थेनिसच्या काळी शोण नगराच्या अंगणातच गंगेस मिळत होती. पुढे ती हळूहळू पश्चिमेस सरकली आणि आज तिचा संगम शहराच्या बराच वर, मनेरच्या बाजूस आहे. ज्या संगमामुळे नगराला व्यापार आणि संरक्षण लाभले, तो संगमच नगराला सोडून गेला. पाटलीपुत्राच्या उत्कर्षाच्या व ऱ्हासाच्या इतिहासात राजांइतकाच नद्यांचाही हात आहे.

पाटली वृक्षाची कथा

नगरीच्या नावाची जी कथा जैन परंपरेने जपली आहे, ती आचार्य हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात सविस्तर आलेली आहे. वृद्ध आचार्य अन्निकापुत्र नावेतून गंगा ओलांडीत असता नाव बुडू लागली. भयभीत झालेल्या लोकांनी त्यांना नदीत टाकले आणि ते शूलावर विद्ध झाले. त्या वेदनेतही आचार्यांच्या मनात आले ते एवढेच, की आपले रक्त पाण्यात पडून अप्काय जीवांना पीडा होत आहे. या अनुकंपेच्या परमोच्च क्षणी त्यांना केवलज्ञान व मोक्ष प्राप्त झाला. पुढे त्यांची कवटी प्रवाहाबरोबर वाहत येऊन काठास लागली, तीत पाटलीचे बीज पडले आणि वृक्ष वाढला.

मगधाचा राजा कूणिक अर्थात अजातशत्रू याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र उदायी यास पित्याच्या राजधानीत, चंपेत, मन रमविणे कठीण झाले. नव्या राजधानीसाठी जागा शोधण्यास निघालेल्या त्याच्या माणसांना गंगेच्या काठी तोच पाटली वृक्ष दिसला. त्यावर चाष पक्षी चोच उघडून बसला होता आणि कीटक आपण होऊन त्याच्या मुखात पडत होते. या राजास संपत्ती अशीच आपण होऊन येईल, असा शुभशकुन मानून तेथे नगर वसविण्यात आले. उदायीने नगराच्या मध्यभागी जिनमंदिर उभारल्याचेही परंपरा सांगते. वायुपुराणातही उदायीने गंगेच्या दक्षिण तीरावर कुसुमपूर वसविल्याचा उल्लेख आहे, हे लक्षणीय होय.

संस्कृतातील हा पाटल अथवा पाटली वृक्ष म्हणजे आपल्याकडील पाडळ. महाराष्ट्रात गावोगावी आढळणारे ‘पाडळी’ हे ग्रामनाम याच वृक्षाची आठवण देते. नगराच्या उगमाशी राजाचा पराक्रम नसून एका मुनीची जीवदया आहे, असे जैन परंपरेने मानावे, यात तिची मूल्यदृष्टी स्पष्ट दिसते.

तीन संकटे

बौद्धांच्या महापरिनिब्बान सुत्तातही या नगरीच्या जन्माची हकिगत आहे. तेव्हा ते पाटलिग्राम नावाचे खेडे होते आणि अजातशत्रूचे मंत्री सुनीध व वस्सकार वज्जींविरुद्ध तेथे तटबंदी उभारीत होते. भगवान बुद्धांनी या स्थळी मोठे नगर होईल असे भाकीत केले आणि त्याला तीन संकटांपासून भय राहील, असेही सांगितले. ही तीन संकटे म्हणजे अग्नी, जल आणि आपसांतील फूट.

पहिली दोन संकटे इतिहासाने खरी करून दाखविली. लाकडाच्या नगरास अग्नीचे भय स्वाभाविकच होते. उत्खननात राखेचे थर सापडले. पुराने तर या नगरास कधीच सोडले नाही. इ.स. १९७५ च्या ऑगस्टमधील महापूर आणि इ.स. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अतिवृष्टीने दिवसच्या दिवस पाण्यात राहिलेल्या वसाहती पाटणावासी अद्याप विसरलेले नाहीत. तिसरे संकट मात्र तट-खंदकांनी थोपविता येण्याजोगे नव्हते. जैन संघाच्या इतिहासात या नगरीचे जे स्थान आहे, त्याचा संबंध या तिसऱ्या संकटाशीच येतो.

दुष्काळ, वाचना आणि संघाची आज्ञा

श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर सुमारे १६० वर्षांनी मगधात बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला. त्या काळी श्रुत ग्रंथबद्ध नव्हते. गुरूने सांगावे, शिष्याने कंठस्थ करावे, अशी रीत होती. भिक्षा दुर्मीळ झाल्याने मुनिसंघ समुद्रकाठापर्यंत पांगला. कित्येक श्रुतधर मुनी काळाच्या पडद्याआड गेले आणि परावर्तनाअभावी उरलेल्यांच्या स्मृतीही क्षीण झाल्या. सुभिक्ष झाल्यावर संघ पाटलीपुत्रात एकत्र जमला. ज्याला जे स्मरत होते ते त्याने म्हणावे, इतरांनी पडताळावे, अशा रीतीने अकरा अंगे संकलित झाली. हीच पाटलीपुत्र वाचना होय.

बारावे अंग दृष्टिवाद मात्र कोणासच पूर्ण येत नव्हते. ते जाणणारे एकमेव श्रुतकेवली भद्रबाहूस्वामी नेपाळात महाप्राण ध्यानाची साधना करीत होते. संघाने दोन मुनींना पाठवून त्यांना वाचना देण्याची विनंती केली. साधनेत खंड पडेल म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. तेव्हा संघाने पुन्हा मुनी पाठवून त्यांनाच प्रश्न विचारला, की संघाची आज्ञा न मानणाऱ्यास कोणता दंड द्यावा? भद्रबाहूंनी उत्तर दिले, की त्यास संघबाह्य करावे. हे उत्तर स्वतःलाच लागू होते, हे त्या ज्ञानी पुरुषाने ओळखले आणि रोज सात वाचना देण्याचे मान्य केले. सकल श्रुताचा ज्ञाता असलेला महापुरुषही संघापुढे नमला, हा प्रसंग कोणत्याही सामाजिक संस्थेने चिंतन करावा असा आहे.

पाचशे मुनी शिकण्यास गेले, पण अखेरपर्यंत टिकले ते एकटे स्थूलभद्र. नंद राजाचा मंत्री शकडाल याचे हे ज्येष्ठ पुत्र. तरुणपणी बारा वर्षे कोशा गणिकेच्या घरी रमलेले स्थूलभद्र पित्याच्या शोचनीय अंतानंतर मंत्रिपद नाकारून आर्य संभूतविजयांचे शिष्य झाले आणि गुरूच्या आज्ञेने त्याच कोशेच्या चित्रशाळेत चातुर्मास करून निष्कलंक परत आले. असे स्थूलभद्रही एकदा स्खलित झाले. भेटीस आलेल्या साध्वी भगिनींना विद्येचे सामर्थ्य दाखविण्यासाठी त्यांनी सिंहाचे रूप धारण केले. भद्रबाहूंनी हे जाणले आणि पुढील वाचना थांबविली. संघाच्या विनंतीवरून त्यांनी शेवटची चार पूर्वे केवळ सूत्ररूपाने दिली, त्यांचा अर्थ दिला नाही. ज्ञानाचा किंचित अभिमानसुद्धा ज्ञानपरंपरेस केवढा महाग पडतो, हे या कथेचे तात्पर्य.

एक भद्रबाहू, दोन स्मृती

दिगंबर परंपरेची स्मृती निराळी आहे. तीनुसार दुष्काळाचे भविष्य जाणून भद्रबाहूस्वामी विशाल मुनिसंघासह दक्षिणेस गेले. सम्राट चंद्रगुप्ताने राज्य त्यागून दीक्षा घेतली व श्रवणबेळगोळ येथील चंद्रगिरीवर सल्लेखनापूर्वक देह ठेवला. उत्तरेत राहिलेल्या मुनींच्या आचारात दुष्काळामुळे शैथिल्य आले. पाटलीपुत्रातील संकलन दिगंबर परंपरेने प्रमाण मानले नाही. काळाच्या ओघात अंगश्रुताचा बहुतांश लोप झाला आणि जो अंश उरला तो धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत व भूतबली यांना मिळून षट्खंडागमाच्या रूपाने शिल्लक राहिला, असे ती मानते.

या दोन स्मृतींतील अंतर जेवढे ठळक आहे, तेवढेच त्यांच्यातील साम्यही. दोन्ही परंपरा भद्रबाहूंनाच अखेरचे श्रुतकेवली मानतात. त्यांच्या स्वर्गवासाचा काल दिगंबर वीर निर्वाण १६२ तर श्वेतांबर १७० सांगतात. हजारो वर्षांच्या प्रवासानंतर फरक उरला तो आठ वर्षांचा. दोन्हींच्या स्मरणात दुष्काळ आहे, पांगलेला संघ आहे आणि श्रुत हरवत चालल्याची वेदना आहे. मंगलाचरणाच्या एका सुपरिचित श्लोकात भगवान महावीर व गौतम गणधर यांच्यानंतर श्वेतांबर स्थूलभद्रांचे नाव घेतात, दिगंबर कुंदकुंदाचार्यांचे. श्लोक एकच, त्यातील एक नाव तेवढे वेगळे.

कुसुमपुराचे देणे

ज्या नगरीच्या इतिहासाशी संघाच्या दुराव्याची आठवण जोडलेली आहे, तिच्याच नावाशी दोन्ही परंपरांना शिरोधार्य असलेला ग्रंथही जोडलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या भाष्याच्या अखेरीस असलेल्या प्रशस्तीत वाचक उमास्वातींनी विहार करीत असता कुसुमपुरात, म्हणजे पाटलीपुत्रात, दुःखाने पीडलेल्या लोकांविषयीच्या अनुकंपेने हे शास्त्र रचले, असा उल्लेख आहे. श्वेतांबर हे भाष्य सूत्रकारांचेच मानतात. दिगंबर परंपरा सूत्रकारांना उमास्वामी या नावाने वंदन करते आणि पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही टीका प्रमाण मानते. सूत्रसंख्या दिगंबर पाठात ३५७, श्वेतांबर पाठात ३४४. अध्याय मात्र दोन्हींकडे दहाच. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय उलगडला जातो, तेव्हा महाराष्ट्रातील एखाद्या लहानशा गावचे मंदिरही नकळत कुसुमपुराशी जोडले जाते.

मातीतून वर आलेले पुरावे

पाटलीपुत्र नेमके कोठे होते, याविषयी युरोपीय पंडितांमध्ये दीर्घकाळ वाद होता. शोणचा पात्रबदल लक्षात आल्यावर उलगडा सोपा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॅडेल यांनी कुम्हरार परिसराकडे लक्ष वेधले. इ.स. १९१२-१३ मध्ये डॉ. स्पूनर यांनी तेथे उत्खनन केले. या कार्यास मुंबईचे दानशूर सर रतन टाटा यांनी अर्थसाहाय्य दिले होते. तेथे स्तंभांच्या ओळींवर उभे असलेले भव्य सभागृह उजेडात आले, तर बुलंदीबाग येथे मेगॅस्थेनिसने वर्णिलेल्या लाकडी तटाचे अवशेष सापडले. पुढे इ.स. १९५१ ते १९५५ या काळात कुम्हरारचे उत्खनन कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले थोर इतिहासकार डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट आहे. कुम्हरारला भूजल वर येऊ लागल्याने कालांतराने सभागृहाचे अवशेष पुन्हा मातीने झाकावे लागले. जलाचे भय असे विसाव्या शतकानंतरही टळले नाही.

जैनांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शोध लागला तो इ.स. १९३७ मध्ये, पाटण्यातील लोहानीपूर येथे. तेथे कायोत्सर्ग मुद्रेतील दिगंबर जिनप्रतिमेचे मस्तकहीन धड मिळाले. त्यावर मौर्यकालीन स्तंभांवर दिसते तशी आरशासारखी झिलई होती. त्याच ठिकाणी विटांच्या चौरस वास्तूचा पायाही आढळला. डॉ. काशीप्रसाद जायसवाल यांनी या प्रतिमेचे महत्त्व तत्काळ जगापुढे मांडले. बहुतेक अभ्यासक तिला मौर्यकालीन, म्हणजे उपलब्ध असलेल्या सर्वांत प्राचीन जिनप्रतिमांपैकी एक मानतात. ओडिशातील हाथीगुंफा लेखात नंदराजाने नेलेली कलिंगाची जिनप्रतिमा सम्राट खारवेलाने मगधातून परत आणल्याची नोंद आहे. लोहानीपूरच्या धडाने मगधातील प्राचीन जिनपूजेच्या या लेखी उल्लेखास पाषाणाची साथ मिळाली.

पाटलीपुत्र ते पाटणा

गुप्तकाळात हे नगर विद्येचे केंद्र होते. आर्यभटाने आपल्या ग्रंथात कुसुमपुराचा आदराने उल्लेख केला आहे. इ.स. च्या सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा मात्र त्यास बहुतांशी भग्नावशेषच दिसले. तरीही नगराचे स्मरण जैनांनी सोडले नाही. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी आपल्या विविधतीर्थकल्पात पाटलीपुत्रावर स्वतंत्र कल्प लिहिला.

सोळाव्या शतकात शेरशाहाने गंगाकाठी किल्ला बांधला आणि पाटणा पुन्हा नावारूपास आले. इ.स. १६६६ मध्ये येथेच गुरू गोविंदसिंहांचा जन्म झाला. सतराव्या शतकाच्या मध्यास राजस्थानातील नागौरहून आलेले ओसवाल जैन व्यापारी हिरानंद शाह येथे स्थायिक झाले. त्यांचेच वंशज पुढे मुर्शिदाबादचे जगत्सेठ म्हणून विख्यात झाले. इ.स. १७०४ मध्ये शहरास अझीमाबाद हे नाव मिळाले. इंग्रजी अमलात, इ.स. १७७० च्या भयंकर दुष्काळानंतर, धान्य साठविण्यासाठी बांधलेले गोलघर इ.स. १७८६ मध्ये पूर्ण झाले. ज्या दुष्काळांनी या भूमीची वाताहत केली, त्यांचे हे घुमटाकार स्मारकच म्हणावे लागेल. इ.स. १९१२ मध्ये बिहार-ओरिसा प्रांत वेगळा झाल्यावर पाटण्यास पुन्हा राजधानीचा मान लाभला आणि इ.स. १९८२ मध्ये महात्मा गांधी सेतूने शहर हाजीपूरशी जोडले गेले.

कमलदह

आजच्या पाटण्यात गुलजारबाग येथे कमलदह हे जैनांचे पवित्र स्थान आहे. एकपत्नीव्रताच्या कसोटीस उतरलेले आणि ज्यांच्यासाठी रोवलेल्या शूलाचे सिंहासन झाले असे सेठ सुदर्शन यांची ही निर्वाणभूमी मानली जाते. जवळच स्थूलभद्रस्वामींचे स्थान आहे. राणीच्या मोहास न भुललेला एक गृहस्थ आणि गणिकेच्या चित्रशाळेत अविचल राहिलेला एक मुनी, असे शीलाचे दोन मानदंड एकाच परिसरात वंदिले जातात. पाटण्याहून पश्चिमेस काही अंतरावर असलेल्या आरा येथे इ.स. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या जैन सिद्धांत भवनाने हजारो हस्तलिखिते जतन करून वाचनेचीच परंपरा निराळ्या मार्गाने चालविली.

पाटलीपुत्राचा लाकडी तट कुजला, सभागृह जळाले, संगम दूर गेला. टिकले ते मुनींच्या कंठात होते आणि पुढे ताडपत्रावर उतरले. वलभीत वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम लिपिबद्ध करविले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांतील षट्खंडागमाची धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने इ.स. १९३९ पासून आपल्या अमरावतीहून मुद्रित होऊ लागली. एका नगरीत सुरू झालेली श्रुतरक्षेची चिंता अशी महाराष्ट्राच्या दारापर्यंत आली आहे.

संस्थेची सुवर्णमहोत्सवी वाटचाल साजरी करताना पाटलीपुत्राची ही कथा म्हणूनच उद्बोधक ठरते. अग्नी आणि जल यांपासून वास्तूचे रक्षण करणे तुलनेने सोपे असते. विमा उतरविता येतो, भिंत बांधता येते. स्मृती हरवू न देणे आणि मतभेदांतही संघ एकत्र राखणे यांसाठी मात्र प्रत्येक पिढीस पुन्हा एकत्र बसावे लागते. घराघरांतील बासनात बांधलेल्या पोथ्या, जुनी इतिवृत्ते, वडीलधाऱ्यांच्या मुखातील आठवणी यांची वाचना आजही होऊ शकते. पुढील खेपेस शिखरजीस जाताना पाटण्यास एक दिवस मुक्काम करावा, कमलदहास वंदन करावे आणि दुष्काळानंतर तेथे एकत्र जमलेल्या त्या थकलेल्या मुनींचे स्मरण करावे. त्यांच्यापैकी एकालाही सर्व येत नव्हते. प्रत्येकाला थोडे थोडे येत होते आणि ते त्यांनी एकत्र बसून जुळविले, म्हणूनच काही उरले.